ऑपरेशन मिरजेत, गोळ्या सांगलीच्या: बायपोलर असताना शस्त्रक्रियेनंतर मूड कसा सांभाळायचा

जत, विटा, तासगावकडची माणसं गुडघ्याच्या नाहीतर पित्ताशयाच्या ऑपरेशनला मिरज गाठतात. बायपोलरच्या (मूड कधी खूप चढतो, कधी खोल उतरतो, त्या आजाराच्या) गोळ्या मात्र सांगलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या चालू असतात. हे दोन डॉक्टर एकमेकांशी आपण होऊन बोलतील असं धरून चालू नका. ऑपरेशननंतर मूड बहुतेक वेळा तीन कारणांनी घसरतो: जुन्या गोळ्यांत खंड पडतो, नवं औषध जुन्याला भिडतं, किंवा झोप उडते.

आधी एक कागद करा. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, सकाळ-रात्रीची वेळ, लिथियम (बायपोलरचं औषध) चालू असेल तर त्याची शेवटची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, आणि तिची तारीख, मानसोपचारतज्ज्ञांचा फोन. एक प्रत सर्जनला, एक भूलतज्ज्ञांना द्यायची. कोण काय म्हणेल या भीतीने ‘झोपेच्या गोळ्या चालू आहेत’ असं मोघम सांगणारी घरं पुष्कळ आहेत. त्याने धोकाच वाढतो. लिथियममुळे भुलेतल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबू शकतो आणि व्हॅलप्रोएट या बायपोलरच्याच दुसऱ्या औषधामुळे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात. हे टेबलावर घेण्याआधी कळलेलं बरं.

उपाशीपोटी राहायला सांगितलं म्हणजे सगळ्या गोळ्या बंद, असा अर्थ घरीच लावू नका. बऱ्याच गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर देतात. लिथियमचं वेगळं आहे. मोठ्या ऑपरेशनआधी ते साधारण 24 तास थांबवतात आणि पेशंट नीट पाणी पिऊ लागला, लघवी व्यवस्थित झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक आलं की पुन्हा सुरू करतात. ‘पुन्हा कधी?’ हे विचारून कागदावर लिहून घ्या, कारण डिस्चार्ज कार्डावर जुन्या गोळ्या लिहायच्या राहून जातात. लॅमोट्रिजिन (हीही बायपोलरची गोळी) सलग पाच दिवसांहून जास्त चुकलं तर पूर्वीचा पूर्ण डोस एकदम घेऊ नका. अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो, म्हणून ते पुन्हा थोड्यापासून चढवावं लागतं. नाकातून नळी असेल तर एसआर, सीआर, ईआर लिहिलेली (पोटात हळूहळू सुटणारी) गोळी कुटून घालू नये. डोस एकदम सुटतो.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा: दुखण्याची गोळी. लिथियमवर असलेल्या माणसाला डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यांपैकी काही दिलं की मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात ते साचतं. सूज आणि दुखणं दोन्हींवर म्हणून जी जोडगोळी सर्रास लिहितात, तिच्यात पॅरासिटामॉलच्या सोबत ॲसिक्लोफेनॅक असतं. पाकिटावर पॅरासिटामॉल वाचून निर्धास्त होऊ नका, खालची ओळही वाचा. नुसतं पॅरासिटामॉल चालतं. प्रौढाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल तर त्याहूनही कमी. ट्रॅमाडॉल दिलं असेल आणि डिप्रेशनची गोळीही चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना विचारा. अंग थरथरणं, घाम, ताप, अस्वस्थपणा असा त्रास त्या जोडीने होऊ शकतो.

उलटी होऊ नये म्हणून भुलेच्या वेळी दिलेल्या डेक्सामेथासोनच्या एका डोसाने सहसा बिघडत नाही. पण सूज उतरवायला प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड रोज चालणार असेल, त्यातही दिवसाला 40 मिलिग्रॅम किंवा जास्त, तर उन्मादाचा (मूड अति चढण्याचा) धोका खरोखर वाढतो. ते सकाळीच द्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. अँटिबायोटिकमध्ये दोन नावं ध्यानात ठेवा. मेरोपेनेम एक-दोन दिवसांत व्हॅलप्रोएटची पातळी पार खाली आणतं, आणि लिनेझोलिड डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर धोक्याचं आहे.

घरी आल्यावर जेवणाकडे वळू. ‘जखम चिघळेल’ म्हणून अळणी जेवण द्यायची पद्धत आहे. लिथियम चालू असेल तर मीठ एकाएकी तोडू नका, कारण शरीरात सोडियम घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात याकडे दुप्पट लक्ष हवं. जुलाब-उलट्या लागल्या, हाताची थरथर ठसठशीत वाढली, बोलणं जड झालं, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढची लिथियमची गोळी देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. ऑपरेशननंतरच्या महिन्यात उपवास नकोच. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी नव्याने सुरू झाली असेल तर तिनेही लेव्हल चढते.

झोप. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी सहाला उठवणं, दुपारी अर्ध्या-पाऊण तासाच्या वर डुलकी नाही, चारनंतर चहा नाही. रात्री दुखून जाग येत असेल तर पॅरासिटामॉलचा एक डोस निजायच्या वेळेवर आणा. हॉस्पिटलात सिस्टरांना विचारून बीपी, इंजेक्शन, ड्रेसिंग शक्यतो एकत्र करून घ्या. आणि पाहुणे! गावाकडून अख्खी गाडी भरून माणसं येतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून पेशंट तासन्‌तास बोलत बसतो. भेटायची वेळ पाच ते सात ठरवा आणि दारात एखादी कडक मावशी बसवा.

वहीत रोज चार गोष्टी: झोपेचे तास, मूड उणे तीन (फार उतरलेला) ते अधिक तीन (फार चढलेला), दुखणं शून्य ते दहा, घेतलेल्या गोळ्या. सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली झोप होऊनही माणूस ताजातवाना असेल, भराभर बोलत असेल, फोनवरून खरेदी चालली असेल, तर फॉलोअपची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेळ-जागा कळेना, संध्याकाळी भ्रम आणि सकाळी ठीक असं होत असेल, तर ते उन्मादापेक्षा डेलिरियम (शरीरातल्या बिघाडाने आलेला गोंधळलेपणा) असण्याची शक्यता जास्त. त्यात आधी सर्जनला बोलवा: इन्फेक्शन, सोडियम, ऑक्सिजन, औषधं, सगळं तपासावं लागतं.

अशक्तपणा आणि नैराश्य वेगळं ओळखणं अवघड, कारण दोन्हींत भूक मंदावते. आवडत्या माणसाशीही बोलावंसं वाटेना, ‘मी सगळ्यांवर ओझं झालोय’ अशी भाषा आली, तर थांबू नका. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर एकटं सोडू नका, उरलेलं ट्रॅमाडॉल आणि बाकीच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

लिथियम पुन्हा सुरू झाल्यावर पाच ते सात दिवसांनी लेव्हल करा. नेहमीच्या डोससाठी ती बहुतेकांची 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. टाके काढायला मिरजेला जायचा दिवस जवळपास येत असेल तर सकाळीच तपासणी उरकता येते. त्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या, आणि क्रिएटिनिन-सोडियमही त्याच सुईत करून घ्या.