गाणं चौघांचं, खातं एकाचं

स्वतःची गाणी करू लागलेल्या मुलामुलींचे मला येणारे प्रश्न बहुतेक सामानाचे असतात. माइक कोणता घेऊ, इंटरफेस किती चॅनलचा घेऊ, मास्टरिंग कुठून करू. यांची उत्तरं कोणीही देईल. पहिल्या काही गाण्यांत माइकने फारसा फरक पडत नाही, खोली किती घुमते याने पडतो. गाद्या, रजया, पुस्तकांचं कपाट, जे असेल ते भिंतीला लावा, २४ बिटवर रेकॉर्ड करा, लेव्हल लाल होऊ देऊ नका आणि पुढे चला. मला सांगायचंय ते वेगळंच: गाण्यात कोणाचा किती वाटा, हे लिहून ठेवण्याचं. ते न लिहिल्यापायी आमचा बँड मोडला, आणि अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

गाणं रेकॉर्ड झालं की हातात दोन वेगळ्या मालमत्ता येतात. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या गाण्याचं ते एक ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो. उद्या दुसऱ्या कोणी तुमचं गाणं गाऊन रेकॉर्ड केलं तर गाणं तुमचंच राहतं, पण ते नवं मास्टर त्याचं असतं. मास्टरला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो, गाण्याला आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळाच. पैसेही दोन वाटांनी येतात. मास्टरचे डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीकडून; गाण्याचे मुख्यतः हक्क-संस्थांकडून, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांकडून. नवखे लोक डिस्ट्रिब्युटरकडे गाणं चढवतात आणि सगळी नोंद झाली असं समजतात. तिथे फक्त मास्टरचा व्यवहार झालेला असतो.

हे पुस्तकी वाटेल, पण इथेच घोडं पेंड खातं.

आमच्याकडे शब्द माझे होते, मुखड्याची चाल माझी आणि गिटारवाल्याची मिळून. अंतऱ्याआधीचा तो तुकडा, ज्यासाठी लोक गाणं पुन्हा ऐकायचे, तो बेसवाल्याने जॅममध्ये सहज वाजवलेला. रेकॉर्डिंग आणि मिक्स ड्रमरच्या घरी. आणि कॉम्प्युटरमधलं त्यालाच कळायचं, म्हणून डिस्ट्रिब्युटरचं खातं त्याच्या ईमेलवर आणि पैसे त्याच्या बँकेत. यात कपट काही नव्हतं. उलट कटकटीचं काम तो अंगावर घेतोय म्हणून आम्ही खूश होतो.

पुढे तो बँडमधून बाहेर पडला, आणि भांडूनच. नंतर एका जाहिरातीसाठी ते गाणं हवंय अशी विचारणा आली. चित्रावर गाणं लावायचं तर दोन परवानग्या लागतात, गाण्याची वेगळी आणि मास्टरची वेगळी. समोरच्यांनी विचारलं ते एवढंच: गाणं कोणाचं, मास्टर कोणाचं, आणि सगळ्यांच्या सह्या कधी मिळतील? आम्ही तिघांनी सांगितलं, मास्टर चौघांचं समान. ड्रमर म्हणाला, मास्टर माझं, कारण माझ्या खोलीत माझ्या यंत्रावर झालं. बेसवाल्याला तेव्हा कळलं की आपला तुकडा आम्ही ‘गाण्यात’ धरतच नव्हतो, ‘वाजवण्यात’ धरत होतो. तोही रुसला. जाहिरातवाले कोणाचं खरं हे ठरवायला बसत नाहीत. त्यांनी दुसऱ्याचं गाणं घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. काही डिस्ट्रिब्युटरांकडे वार्षिक वर्गणी असते आणि ती थांबली की गाणी उतरतात. ड्रमरने वर्गणी भरणं बंद केलं, गाणं सगळीकडून गायब झालं. आम्ही नव्या खात्यातून ते पुन्हा चढवलं, पण जुना आयएसआरसी कोणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून नवा क्रमांक पडला. तीच फाइल, तीच माहिती आणि तोच आयएसआरसी दिला तर जुनी ऐकण्याची संख्या सहसा जुळते. नवा क्रमांक म्हणजे प्लॅटफॉर्मच्या लेखी नवं गाणं. शून्यापासून. तेलही गेलं, तूपही गेलं.

तर आता नीट वाचा. ज्या रात्री गाण्याचा आराखडा तयार होतो त्याच रात्री, कोणी घरी जाण्याआधी, हे लिहून काढा. वकील नको, फुलस्केपचं एक पान पुरे. गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा, बेरीज १००. मास्टरमध्ये कोणाचा किती, बेरीज पुन्हा १००. हे दोन आकडे सारखे असलेच पाहिजेत असं नाही. स्टेजवरचं नाव आणि कागदोपत्री असलेलं नाव, दोन्ही. डिस्ट्रिब्युटरचं खातं कोणाच्या नावे आणि त्याचा पासवर्ड आणखी कोणाकडे. जाहिरात-सिनेमाला होकार कोण देणार, सगळे की बहुमत. आणि ज्यावर बोलायला सगळे लाजतात ते: कोणी बँड सोडला तर त्याच्या वाट्याचं काय? (माझं मत: वाटा त्याचाच राहतो. होकार-नकाराचा अधिकार उरलेल्यांकडे.) तारीख घाला, सह्या करा, फोटो काढून सगळ्यांना पाठवा.

टक्क्यांवरून वाद होतोच. माझा हट्ट असा की कोणी संपूर्ण गाणं घरून करून आणलं नसेल तर बँडमध्ये गाण्याचे वाटे समान ठेवा. कोणाच्या तुकड्याने गाणं उभं राहिलं हे मोजत बसलात तर पुढचं गाणं होत नाही. कधी कधी हे अन्यायाचं होतं, मान्य. तरी ते स्वस्त पडतं. बाहेरून एका दिवसासाठी बोलावलेल्या वादकाची गोष्ट वेगळी. त्याला ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या, आणि पैसे मिळाले, वाटा नाही, हे लिहून घ्या. बीट करणाऱ्या निर्मात्याला मात्र आधीच विचारा, कारण तो बहुधा गाण्यातही वाटा धरून चाललेला असतो. तुम्हाला ते रिलीजच्या आदल्या दिवशी कळतं.

याच्या पोटात आणखी एक खड्डा आहे. हल्ली काही डिस्ट्रिब्युटर पैसे आपोआप वाटून देण्याची सोय देतात. चौघांच्या खात्यात बरोबर चौथाई पडायला लागली की कागदाची गरज संपली असं वाटतं. ती फक्त आलेल्या पैशांची वाटणी असते. मालक कोण हे तिथे कुठेच ठरत नाही, आणि ती वाटणी खातेदार बदलूही शकतो. आयएसआरसीचंही तसंच, तो ओळखीचा क्रमांक आहे, मालकीचा पुरावा नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही, हे खरंच आहे. पण हक्क आहे याने कोणाचा किती आहे हे कळत नाही.

आणि ‘आम्ही मित्र आहोत, कागद कशाला’ हे वाक्य मला ऐकवू नका. आम्हीही मित्रच होतो.

घाबरवायचा हेतू नाही. हे पान लिहायला अर्धा तास लागतो, आणि ते झालं की तालमीत हलकं वाटतं. मनात धरलेल्या बारीकसारीक गोष्टी बाहेर पडतात. माझ्या आताच्या जोडीदाराबरोबर प्रत्येक गाण्याचं पान आहे, आणि त्यावर आमचं कधी वाजलं नाही. आमचं वाजतं ते टेम्पोवरून.

आडवाटांबद्दल थोडक्यात. पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये घालणाऱ्यांपासून लांब राहा. बहुतेक ठिकाणी ऐकणारे नसतात, बॉट असतात. स्पॉटिफायने २०२४ पासून खोट्या स्ट्रीमिंगसाठी डिस्ट्रिब्युटरांना दंड लावायला सुरुवात केली, तो फिरून तुमच्यावर येतो, गाणं उतरतं ते वेगळंच. त्याच वर्षापासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या ट्रॅकला मास्टरची रॉयल्टी मिळत नाही. हे मला अन्यायाचंच वाटतं, पण आकडा फुगवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. फुकटची वाट अशी आहे: रिलीजच्या किमान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या कलाकार-खात्यातून गाणं सुचवलं की ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं. मी तीन-चार आठवडे आधीच फाइल चढवते, कारण काहीतरी चुकतंच. कव्हरच्या चित्राचा आकार तरी, नावाचं स्पेलिंग तरी. बँडकॅम्प या गाणी थेट विकण्याच्या साइटवर ऐकणारे कमी, पण विकत घेणारे असतात; डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के कापतात, बाकीचा हिशेब समजण्यासारखा असतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. वीस वर्षं पुढे असलेल्या माणसाचा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण तो ज्या बाजारात उभा राहिला तो बाजार आता नाही. तुमच्यापेक्षा दोन गाणी पुढे असलेल्याला गाठा. त्याला कालच ठेच लागलेली असते आणि ती कुठे लागली हे आठवत असतं. मार्गदर्शनाच्या बदल्यात मास्टरमध्ये वाटा मागणाऱ्याला नमस्कार करून उठा. आणि ध्वनी संयोजकाशी मैत्री करा. कार्यक्रमाच्या आधी त्याला स्टेजचा नकाशा आणि इनपुटची यादी पाठवणारा नवा कलाकार विरळाच, म्हणून तो लक्षात राहतो. मला मिळालेले निम्मे कार्यक्रम कोणा ध्वनी संयोजकाने नाव सुचवल्यामुळे मिळाले. दुसऱ्यांच्या कार्यक्रमाला जा आणि स्वतःचं वाजवून झाल्यावर निघून जाऊ नका, शेवटच्या माणसापर्यंत बसा. आपल्या वर्तुळात हे बरोबर पाहिलं जातं.

कानांत इअरप्लग घाला, वादकांसाठीचे मिळतात. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. छोट्या खोलीत झांजा वाजत असताना तालीम किती चालते ते आठवा.

आता ज्यांची गाणी आधीच बाहेर आली आहेत आणि कागद नाही, त्यांच्यासाठी. वरातीमागून घोडं असलं तरी चालेल, पण सगळे अजून बोलत आहेत तोवर करा. सरळ मेसेज लिहा: ‘अमुक गाण्याचे वाटे मी असे समजते, मास्टरचे असे. चूक असेल तर सांग, बरोबर असेल तर ‘मान्य’ लिही.’ भावनिक प्रस्तावना लिहू नका, तिनेच संशय येतो. सगळ्यांची उत्तरं आली की ती एका ईमेलमध्ये घालून पुन्हा सगळ्यांना पाठवा. फोन बदलतात, गप्पा पुसल्या जातात. त्याच ईमेलमध्ये प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी लिहा, तो डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात दिसतो. खातं ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो आजच मागून घ्या.