मानवी हक्कांचे करार आणि सामाजिक आकडे: निवेदन लिहिताना या चुका टाळा

कोल्हापूरला निवेदनं नवी नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा गेला की शिष्टमंडळाच्या हातात एक कागद असतोच. १० डिसेंबर जवळ आला की महाविद्यालयांत मानवी हक्कांवरचे प्रकल्प आणि निबंध सुरू होतात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच बसू लागल्याने तरुण वकीलही आंतरराष्ट्रीय करारांचे दाखले शोधायला लागले आहेत. असे मजकूर बरेचदा माझ्याकडे तपासायला येतात. त्यांमागची तळमळ खरी असते, आणि म्हणूनच वाईट वाटतं, कारण एक चुकीचं साल किंवा एक चुकीचा आकडा सापडला की समोरचा अधिकारी नेमकं त्यावर बोट ठेवतो आणि मूळ मागणी तिथेच राहते.

सही झाली म्हणजे देश बांधला गेला, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कोठडीतल्या मारहाणीबद्दलच्या निवेदनात हमखास वाक्य असतं, "भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेला असूनही..." भारताने त्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक म्हणून अधिकृतपणे स्वीकारणं, आजवर केलेलं नाही. सही म्हणजे करारात येण्याचा इरादा जाहीर करणं. कराराची कलमं पाळण्याची पूर्ण जबाबदारी अनुसमर्थनानंतर येते. सक्तीने गायब करण्याविरुद्धच्या कराराचंही तसंच: २००७ मध्ये सही केली, पुढे काही नाही. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांच्या करारावर तर सहीसुद्धा नाही.

हे वाक्य दुरुस्त केलं की मागणी कमजोर होत नाही, उलट नेमकी होते. "१९९७ साली सही करूनही अनुसमर्थन झालेलं नाही, ते करावं" असं लिहा. तोवर आधार कशाचा घ्यायचा? नागरी व राजकीय हक्कांच्या करारातलं कलम ७ छळाला मनाई करतं आणि त्या करारात भारत १० एप्रिल १९७९ ला सामील झाला आणि १० जुलै १९७९ पासून तो भारताला लागू आहे. घरचे आधार त्याहून भक्कम आहेत: राज्यघटनेचं कलम २१, आणि अटकेच्या वेळी पोलिसांनी काय काय पाळायचं हे सांगणारा डी. के. बसू खटल्यातला १९९६ चा निकाल.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. संयुक्त राष्ट्रांच्या करारनोंदीच्या संकेतस्थळावर प्रत्येक कराराचा तक्ता असतो. डावीकडे देशाचं नाव, मधे सहीची तारीख, उजवीकडे अनुसमर्थनाची. छळविरोधी कराराच्या तक्त्यात भारताच्या ओळीत उजवा रकाना रिकामा आहे. भारत १९७९ मध्ये सामील झाला त्या दोन करारांत (नागरी व राजकीय हक्कांचा, आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा) मात्र उलटं दिसतं, सहीचा रकाना रिकामा आणि उजवीकडे तारखेशेजारी बारीक 'ए' हे अक्षर. त्याचा अर्थ, आधी सही न करता देश थेट सामील झाला. हे न कळल्यामुळे "भारताने १९६६ साली सही केली" असं बिनदिक्कत लिहिलं जातं. १९६६ हे ते करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केले ते साल.

तक्ता पाहिलात तर त्याखालच्या मजकुरापर्यंतही जा. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार भारताने ९ जुलै १९९३ ला मंजूर केला, पण कलम ५ आणि १६ बद्दल स्वतःची भूमिका सांगणारी घोषणा जोडून: कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही. विवाहनोंदणी सक्तीची करण्याला तत्त्वतः पाठिंबा, व्यवहारात अवघड, असंही त्यात म्हटलं आहे. बालहक्क करारात १९९२ मध्ये सामील होताना बालमजुरीच्या कलम ३२ बाबत टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी करू असं सांगितलं होतं. इचलकरंजीच्या कारखान्यातल्या किंवा उसाच्या फडावरच्या मुलांबद्दल लिहिताना हे माहीत हवंच. किमान वयाबद्दल आणि अतिधोकादायक बालमजुरीबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन करार, क्रमांक १३८ आणि १८२, भारताने जून २०१७ मध्ये मंजूर केले आहेत. माझ्या मते अशा निवेदनात तोच दाखला पहिला द्यावा.

परिषद आणि समिती एकच समजणं

जिनिव्हातली मानवी हक्क परिषद ही ४७ देशांच्या प्रतिनिधींची संस्था. मानवी हक्क समिती ही १८ तज्ज्ञांची, नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणारी. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताचा आढावा परिषदेत झाला, जुलै २०२४ चा समितीसमोर झाला, आणि समितीसमोरचा त्याआधीचा १९९७ चा होता. मधली इतकी वर्षं अहवालच तपासला गेला नाही, ही बाब निवेदनात घालण्याजोगी आहे. १९४८ चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा हा करार नाही, त्यामुळे त्याचं अनुसमर्थन होत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी या भागातल्या बहुतेक चुका टळतात.

करार थेट न्यायालयात चालतो असं मानणं

आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे संसद कायदा करते, तेव्हा तो अंमलात येतो. अपंगांच्या हक्कांचा करार २००७ मध्ये मंजूर झाला, त्याला धरून कायदा आला २०१६ मध्ये. पण कायदा येईपर्यंत करार निरुपयोगी असतो असंही नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऋणकोला केवळ पैसे देता येत नाहीत म्हणून तुरुंगात टाकण्याच्या तरतुदीचा अर्थ नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ११ च्या उजेडात लावला. १९९७ च्या विशाखा निकालात स्त्रियांच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा झाला २०१३ ला. तेव्हा याचिकेत आधी घटनेचं कलम, मग आपला कायदा, आणि त्याचा अर्थ लावायला करार, असा क्रम ठेवा.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर मुदत सांभाळा. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ प्रमाणे प्रकार घडल्याला वर्ष उलटून गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही. आधी सगळ्या कचेऱ्या पालथ्या घालू, मग आयोगाकडे जाऊ, असं म्हणता म्हणता ती मुदत हातची जाते.

आकडा घेतला, पण कशाचा ते पाहिलं नाही

आकड्यांकडे जास्त बारकाईने पाहायला हवं, कारण इथल्या चुका सहज लक्षात येत नाहीत. "कोल्हापुरात हजार पुरुषांमागे ८६३ स्त्रिया" हे वाक्य मी फलकांवर पाहिलं आहे. ८६३ हा २०११ च्या जनगणनेतला ० ते ६ वयोगटाचा आकडा आहे, हजार मुलांमागे मुली. सगळ्या वयांचं गुणोत्तर ९५७ होतं. राज्याचं बाल लिंग गुणोत्तर तेव्हा ८९४ होतं, म्हणजे आपला जिल्हा राज्याच्याही खाली. ही गंभीर गोष्ट आहे, आणि ती बरोबर शब्दांत सांगितली तरच टिकते. २००१ मध्ये हाच आकडा ८३९ होता. त्याला "२४ टक्के सुधारणा" म्हणू नका. हजारामागे २४ ने वाढ झाली, टक्क्यांत ती तीनच्याही आत.

तिसरा प्रकार म्हणजे जन्मवेळचं गुणोत्तर. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे ९५० च्या आसपास मुली. तुलना या ९५० शी करायची, हजाराशी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आल्या आणि "मुलींचा प्रश्न सुटला" असे मथळे झळकले. त्याच सर्वेक्षणात जन्मवेळचं गुणोत्तर ९२९ होतं. १,०२० हा आकडा निवडक घरांत त्या वेळी हजर असलेल्या माणसांवरून काढलेला. घरचे पुरुष कामासाठी बाहेरगावी असतील तर तो वाढणारच.

परदेशी अहवालात तर मापच उलटं असतं, १०० स्त्रियांमागे पुरुष. आपले ८६३ तिथे ११५.९ होतात. हे न पाहता दोन्ही आकडे एका तक्त्यात बसवले की वाढ आणि घट यांची अदलाबदल होते.

दोन ठिकाणी दोन आकडे सापडले तर घाबरू नका. २०११ साठी महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर कुठे ८८३, कुठे ८९४ दिसतं, देशाचं कुठे ९१४, कुठे ९१९. पहिले तात्पुरते, दुसरे अंतिम. अंतिमच घ्या. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे असतं, बालमृत्यूदर हजारामागे. देशाचं २०१८-२० चं मातामृत्यू प्रमाण ९७, महाराष्ट्राचं ३३. साल आणि 'लाखामागे' हे शब्द आकड्याबरोबरच लिहा. गुन्ह्यांच्या आकड्यांत नोंदलेले गुन्हेच येतात. तक्रार घ्यायला ठाणं तयार झालं तरी आकडा वाढतो. त्यामुळे वाढीवरून थेट "अत्याचार वाढले" असं ठरवू नये, आणि घटीवरून "कमी झाले" असं तर मुळीच नाही.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, संदर्भदिन १ मार्च. तोवर २०११ चा आकडा "सध्या" म्हणून देऊ नका, साल घाला. ताजी स्थिती हवी असेल तर नोंदणीकृत जन्मांची माहिती माहिती अधिकारात मागा. इथेही एक खोच आहे. जन्माची नोंद बाळंतपण जिथे झालं तिथे होते, आणि गगनबावडा, पन्हाळा, राधानगरीच्या कितीतरी बाया बाळंतपणाला कोल्हापूर शहरात येतात. म्हणून गगनबावड्यासारख्या लहान तालुक्याचा एका वर्षाचा नोंदणीचा आकडा काढून त्या गावांना दोष देणं चूक ठरेल. अर्जात आईच्या राहत्या पत्त्याप्रमाणे, तालुकावार, मुलगे आणि मुली वेगवेगळे, गेल्या पाच वर्षांचे आकडे मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तयार गुणोत्तर मागू नका. मूळ संख्या मागा, भागाकार आपण करू.