तरवडाचे लाड करू नका: या चुका टाळा

गवतही वाळून गेलेल्या मुरमाड उतारावर तरवड पिवळाधमक फुललेला असतो. शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तोच तरवड बागेत आणला की वर्षभरात मान टाकतो. माझे पहिले तीन मी काळजी घेऊन घेऊनच मारले.

पहिला माळावरून खणून आणला होता. हातभर झुडूप, मुळाशी मातीचा गोळाही जपलेला. आठ दिवसांत पानं झडली. काढून पाहिलं तर करंगळीएवढं जाड सोटमूळ खणतानाच तुटलेलं होतं. असं मूळ तुटलेलं मोठं झुडूप क्वचितच जगतं. रोपवाटिकेतूनही वीतभर उंचीचंच रोप घ्या. पिशवीत मूळ गोल गोल फिरलं असेल तर ते रोप जागच्या जागी परत ठेवा, कितीही टवटवीत दिसो.

त्यापेक्षा बी बरं. पण ते तसंच मातीत टाकलं तर महिनोन् महिने ढिम्म हलत नाही, इतकं कवच टणक. पाणी उकळून खाली उतरवायचं, वाफ जरा बसली की बिया टाकायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी ज्या टरारून फुगल्या असतील त्या लगेच पेरा. ज्या खड्यासारख्याच राहिल्या त्यांची एक कड पॉलिश पेपरवर हलकेच घासा आणि पुन्हा भिजत घाला. सुईने टोचल्यासारखं भोक असलेली बी आधीच बाजूला काढा, तिच्यातला गर किड्याने खाल्लेला असतो.

आता पाणी. दुसरा तरवड गेला तो ठिबकच्या नळीमुळे. शेजारच्या गुलाबाला रोज पाणी, म्हणून यालाही रोज. पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानलाय, मी आणखी पाणी वाढवलं! इथेच बहुतेक जण फसतात, कारण मुळं कुजली तरी झाड तहानल्यासारखंच दिसतं. बुंध्यापासून वीतभर लांब बोट खुपसून बघा. चार बोटं खाली माती ओली लागली आणि तरी पानं मलूल असली, तर पाणी ताबडतोब बंद. माती कोरडी ठणठणीत असेल तरच बादलीभर द्या, तेही सावकाश मुरू देत. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा एवढं पुरतं. पुढे मूळ खोल गेलं की उन्हाळ्यात थोडी पानं झडली तरी जिवाला घोर लावून घेऊ नका. काळी, चिकण जमीन असेल तर खड्ड्यात लावण्यापेक्षा मुरूम मिसळून फूटभर उंच वरंबा करा आणि त्यावर लावा.

तिसऱ्याला शेणखत भरपूर घातलं. तो जगला वर्षभर, पण नुसता पाल्याने माजला. फांद्या लांबट, लुसलुशीत, फूल एक नाही. आणि एका वादळी पावसात बुडापासून कलंडला. खड्ड्यातून निघालेली मातीच परत भरा, खत नको. सावलीतही हेच होतं, दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन हवं.

पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप उचलू नका. बारकाईने पाहिलंत तर पानाच्या शिरेला चिकटून तिच्याच रंगाची हिरवी अळी बसलेली असते, अंगाच्या कडेला फिकट रेघ. त्या फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या. झाड पुन्हा फुटतं. फवारणीने शेंगाही कमी धरतात, कारण तरवडाच्या फुलात मध नसतो आणि परागकोश टोकाच्या बारीक छिद्रांतूनच उघडतात. मोठा काळा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, गुंईं आवाज येतो आणि पराग बाहेर उडतो. तोच मेला तर काय?

छाटणीचं फार नाही. फुलं नव्या फुटव्यांच्या शेंड्याला येतात, म्हणून शेंगा वाळल्यावर, पावसाच्या तोंडावर वरचा तिसरा हिस्सा काढा. जुनं जाड खोड मात्र बुडाशी कापू नका. आणि रोप लहान असताना तण म्हणून उपटलं जाऊ नये यासाठी पानाच्या देठाशी बघा: तिथे कानाच्या पाळीसारखं गोलसर हिरवं उपपर्ण असतं. शास्त्रीय नावातलं ‘ऑरिक्युलाटा’ त्यावरूनच आलं. शेजारी उगवणाऱ्या टाकळ्याला असे कान नसतात.