कंटेनर इमेज आपोआप बनवा, रिलीज मात्र एकेका काट्याने सोडा

जळगावात बसून आम्ही चौघं कापसाच्या जिनिंगांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) काटा-पावतीचं सॉफ्टवेअर चालवतो. ट्रॅक्टर काट्यावर चढला की भरलं वजन, कापूस उतरवून आला की खाली वजन, वजाबाकी केली की निव्वळ वजन, आणि पावती. गिऱ्हाईक म्हणाल तर बारा जिनिंग. दिवाळीनंतर काट्यासमोर रांग लागते आणि तेव्हा पावती दहा मिनिटं अडली तरी फोन सुरू होतात. हे लिहितेय ते अशाच लहान टीमसाठी. तुमचा कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, डॉकर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत, म्हणजे कंटेनर इमेजमध्ये, बांधणारं साधन) हाताखालचं आहे आणि एक छोटं कुबरनेटिस क्लस्टर (त्या पेट्या सर्व्हरवर चालवणारी यंत्रणा) चालू आहे, एवढं धरून चालते.

बिल्ड

हा भाग सोपा आहे, उगाच बाऊ करू नका. मुख्य ब्रांचवर मर्ज झालं की पाइपलाइनने (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीने) टेस्ट चालवायच्या, इमेज बनवायची, रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ढकलायची. गिटहब ॲक्शन्स घ्या नाहीतर गिटलॅब, फरक पडत नाही.

डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) आधी फक्त डिपेंडन्सीची (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्यांची) यादी कॉपी करून त्या इन्स्टॉल करा, उरलेला कोड नंतर. क्रम उलटा ठेवलात तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळं पुन्हा डाउनलोड होतं. मल्टी-स्टेज बिल्ड वापरा, म्हणजे बनवायची अवजारं आधीच्या टप्प्यात राहतात आणि शेवटच्या इमेजमध्ये फक्त तयार प्रोग्राम जातो. डॉकरइग्नोरमध्ये (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही त्याच्या यादीत) गिटचं फोल्डर आणि पासवर्डची फाइल टाका. इमेज थरांची, म्हणजे लेयरची, बनते. पासवर्ड आधीच्या लेयरमध्ये गेला आणि पुढच्या ओळीत तो पुसला, तरी आधीच्या लेयरमध्ये तो तसाच राहतो. ज्याच्या हाती इमेज पडेल तो काढून वाचू शकतो. ॲपलच्या नव्या लॅपटॉपवर बनवलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर, प्रोसेसरची जात वेगळी असल्याने, 'एक्झेक फॉरमॅट एरर' देते, म्हणून लॅपटॉपवरून इमेज ढकलणं आम्ही बंदच केलंय. ते काम फक्त पाइपलाइनचं.

इमेजच्या टॅगला, म्हणजे तिच्यावरच्या नावाच्या चिठ्ठीला, कमिटचा हॅश (गिटमधल्या त्या बदलाचा खास क्रमांक) द्या. 'लेटेस्ट' नको, आणि एकच टॅग पुन्हा पुन्हा वापरणं तर अजिबात नको. टॅग लेटेस्ट नसेल आणि तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल, तर नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) त्या टॅगची इमेज आधीपासून असली की कुबरनेटिस नवी आणत नाही. मी एकदा दुरुस्ती करून त्याच टॅगवर इमेज पुन्हा ढकलली. एका नोडवर जुना कोड, दुसऱ्यावर नवा, आणि टॅग दोन्हीकडे तोच. एक पावती बरोबर, पुढची चूक. अर्धा दिवस मी कोडमध्ये बग शोधत बसले. पक्कं हवं असेल तर डिप्लॉयमेंटमध्ये (कोणती इमेज चालवायची ते कुबरनेटिसला सांगणाऱ्या नोंदीत) टॅगऐवजी इमेजचा शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, लिहा. आत काही बदललं की डायजेस्ट बदलतो, तिथे फसगत नाही.

स्टेजिंगवर (चाचणीच्या जागी) जी इमेज तपासली तीच पुढे न्यायची. प्रॉडक्शनसाठी (गिऱ्हाइकांच्या खऱ्या वापरासाठी) पुन्हा बिल्ड केलीत तर तपासली एक आणि सोडली दुसरी.

रिलीज: खरी गोम इथे आहे

नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना द्यायची, बघायचं, मग वाढवायची, याला कॅनरी रिलीज म्हणतात. नाव कोळशाच्या खाणीतल्या पक्ष्यावरून आलं. विषारी वायू आधी त्याला लागायचा, म्हणून ब्रिटिश खाणींत तो १९८६ पर्यंत होता. कल्पना उत्तम. तिच्यासोबत जो सल्ला सगळीकडे मिळतो तो मात्र आपल्या कामाचा नाही: 'पाच टक्के ट्रॅफिक नव्या आवृत्तीवर पाठवा, दहा मिनिटं थांबा, ठीक दिसलं तर पंचवीस, मग पन्नास.'

दिवसाला लाखो रिक्वेस्ट येत असतील तर हे बरोबर आहे. आमच्या बारा काट्यांवर साध्या दिवशी तीनशेच्या आसपास पावत्या निघतात. पाच टक्के म्हणजे दिवसभरात पंधरा. समजा नव्या कोडमध्ये शंभरात एक पावती चुकवणारा बग आहे. पंधरा पावत्यांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता ८६ टक्के. म्हणजे अख्खा दिवस थांबूनही तुम्ही बहुधा 'सगळं ठीक' म्हणून पुढे जाणार. असा बग ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर साधारण तीनशे पावत्या नव्या कोडमधून जायला हव्यात. दहा मिनिटांत एका काट्यावर जेमतेम एखादा ट्रॅक्टर खाली होतो, तेवढंच.

टक्केवारीची दुसरी खोड याहून वाईट. भरलं वजन नव्या आवृत्तीने घेतलं, खाली वजन जुनीने, अशी एकाच ट्रॅक्टरची गाठ दोन कोडमध्ये पडते. म्हणून टक्के सोडा, गिऱ्हाईक धरा. आमच्या प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये जिनिंगचा कोड असतो. स्थिर आवृत्तीचं एक डिप्लॉयमेंट, नव्याचं दुसरं, आणि इनग्रेसला (बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट आत वाटणाऱ्या दाराला) सांगितलेलं की या कोडची रिक्वेस्ट आली तर नव्याकडे पाठव. एक काटा पूर्णपणे नवा, बाकी अकरा पूर्णपणे जुने.

मग पहिला काटा कोणाचा? इथे मी सपशेल चुकले होते. स्वभावाने सगळ्यात गरीब मालक निवडला, म्हणजे चुकलं तरी बोलणी बसणार नाहीत. दोन दिवस एकही तक्रार नाही. आम्ही खुशीत बाराही काट्यांवर सोडलं आणि तासाभरात चार फोन. नंतर कळलं की त्या भल्या माणसाकडे पहिल्याच दिवशी प्रिंट अडली होती. त्याने गपचूप जुनं पावतीपुस्तक काढलं आणि हाताने पावत्या फाडल्या. "तुम्ही करालच की दुरुस्त," म्हणाला. आता पहिला नंबर अमळनेरच्या एका जिनिंगचा. तिथले मुनीम सगळे पर्याय वापरतात, आडवेतिडवे प्रश्न विचारतात आणि काही खटकलं की पाच मिनिटांत फोन करतात. पहिल्या टप्प्याला असाच माणूस हवा.

थांबायचं किती? घड्याळाकडे बघून नाही, कामाकडे बघून. आमच्याकडे संध्याकाळी काटा बंद झाला की रोजमेळ, म्हणजे दिवसभराचा हिशेब, निघतो, आणि निम्मे घोळ तिथेच सापडतात. त्यामुळे एक पूर्ण रोजमेळ झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. टप्पे तीनच: एक काटा, मग चार, मग सगळे. रिलीज सकाळी करायचं, कारण संध्याकाळी ट्रॅक्टरची रांग असते.

आणि बघायचं काय? सीपीयूचा आलेख नको. या तासात किती पावत्या निघाल्या, काल याच वेळी किती निघाल्या होत्या, आणि किती पावत्यांत निव्वळ वजन शून्य आलं. आकडे इतके लहान असताना टक्क्यांची मर्यादा ठेवून उपयोग नाही. आमची पाइपलाइन तीन चुका मोजते आणि त्या काट्याला स्वतःच जुन्या आवृत्तीवर परत नेते.

डेटाबेस एकच असतो

वरचं सगळं नीट जमल्यावरही मी तोंडावर आपटले, ती गोष्ट आता सांगते. डेटाबेसमधल्या 'वजन' या कॉलमचं नाव मला आवडत नव्हतं, म्हणून 'निव्वळ वजन' केलं. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) नवा पॉड (कुबरनेटिसमध्ये चालणारी प्रोग्रामची एक प्रत) सुरू होताना आपोआप चालायचं. शिस्तीत एकाच काट्यावर सोडलं. पॉड उठला, त्याने नाव बदललं, आणि जुन्या आवृत्तीचे सगळे पॉड 'वजन' शोधत राहिले. कॅनरी होती एका काट्यावर, बंद पडले अकरा. चालू राहिला तो फक्त अमळनेरचा! पारोळ्याकडून फोन आला: "ताई, पावती निंघत नही, गाड्या उभ्या शेतस (उभ्या आहेत)." घाईत मी नवी आवृत्ती मागे घेतली, तर बारावाही गेला, कारण कॉलमचं नाव काही मागे गेलं नव्हतं.

तेव्हापासूनचा नियम असा. कॉलमचं नाव बदलायचं नाही, नवा कॉलम जोडायचा. एका रिलीजमध्ये कोड दोन्हीकडे लिहितो, वाचतो मात्र जुना. ते बाराही काट्यांवर बसलं की जुन्या नोंदींतली वजनं नव्या कॉलममध्ये भरून घ्यायची. पुढच्या रिलीजमध्ये वाचायचं नव्यातून, लिहायचं अजूनही दोन्हीकडे. त्यानंतरच्या रिलीजमध्ये जुन्याकडे लिहिणं बंद. कंटाळवाणं आहे, पण यातल्या प्रत्येक पायरीवरून एक पाऊल मागे येता येतं. दोन पायऱ्या एका रिलीजमध्ये उरकाल तर ते येणार नाही. आणि मायग्रेशन पॉडच्या सुरुवातीला बांधू नका. पाइपलाइनमध्ये वेगळी पायरी ठेवा, ती कोणीतरी डोळ्यांनी बघून मग पुढे ढकला.

उरलेलं, थोडक्यात

प्रोब म्हणजे कुबरनेटिस पॉडची वरचेवर घेतं ती तपासणी. रेडीनेस प्रोबने पॉड काम घ्यायला तयार आहे का ते बघावं. लाइव्हनेस प्रोबमध्ये (हा नापास झाला की पॉड रिस्टार्ट होतो) डेटाबेस तपासू नका. डेटाबेस जरा मंदावला की सगळे पॉड एकदम रिस्टार्ट होतात आणि साधा ताप न्यूमोनियावर जातो.

डॉकरफाइलमधली शेवटची कमांड चौकटी कंसातल्या यादीसारखी लिहा. साध्या ओळीत लिहिली तर मध्ये शेल (कमांड चालवणारा मधला प्रोग्राम) बसतो, बंद होण्याचा सिग्नल बहुतेक वेळा प्रोग्रामपर्यंत जातच नाही, आणि तीस सेकंदांनी कुबरनेटिस त्याला अर्ध्या पावतीसकट मारून टाकतं.

डिप्लॉयमेंट दहा मिनिटांत पुढे सरकलं नाही तर कुबरनेटिस 'फसलं' असा शेरा मारतं, एवढंच. ते आपण होऊन मागे येत नाही. मागे आणायचं काम तुमच्या पाइपलाइनचं. आर्गो सीडीसारखं साधन क्लस्टर गिटबरहुकूम ठेवत असेल, तर हाताने रोलआउट अनडू (आधीच्या आवृत्तीवर परत नेणारी कमांड) करून उपयोग नाही. गिटमध्ये नवी आवृत्ती आहे तोवर ते पुन्हा नवीच आणून बसवेल. आधी गिटमधला बदल उलटवा. याची तालीम उन्हाळ्यात, काटे रिकामे असताना करून ठेवा.

जुना कॉलम काढून टाकायची शेवटची पायरी आम्ही हंगामात करतच नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ देतो. तोवर ट्रॅक्टर पेरणीच्या तयारीला लागलेले असतात आणि काट्यावर धूळ बसलेली असते.