मेडिकलच्या काउंटरवर बोलायचं की गप्प बसायचं?

फार्मसी करून पहिल्यांदा काउंटरमागे उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नोकरीला लागले, तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "चिठ्ठी वाचायची, गोळ्या द्यायच्या. जास्त बोललं की गिऱ्हाईक तुटतं."

दोन वर्षं तसंच केलं. मग दसऱ्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत, एक मावशी आली. चिठ्ठी सात महिन्यांपूर्वीची, डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी पाच दिवसांसाठी लिहिलेली. "ह्याच्या दहा पट्ट्या दे बाई, कंबर लई दुखायली." पिशवीत बीपीच्या गोळ्या दिसत होत्या. मी म्हटलं, "मावशी, ही गोळी रोज घेतली तर बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा गुण कमी होतो. उन्हात पाणी कमी पडलं तर किडनीवर येतं. जुन्या चिठ्ठीवर देता येत नाही, डॉक्टरांना परत दाखवा." ती म्हणाली, "दोन साल झालं इथूनच नेते की. कुणी बोललं नाही."

त्या दोन सालांतल्या पट्ट्या मीच दिल्या असतील. ते अजून टोचतं.

संध्याकाळी तिच्या डॉक्टरांचा फोन आला, "पेशंटला घाबरवायला तुला कुणी सांगितलं?" त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज आहे. फार्मसी कौन्सिलच्या 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलंय: औषध कशासाठी, कसं घ्यायचं, किती दिवस, दुष्परिणाम काय, ठेवायचं कसं, डोस चुकला तर काय. म्हणजे बोलायची परवानगी मागायची नसते. हे मालकांना शांतपणे दाखवा. मी दाखवलं, आणि पुढं त्यांनीच काउंटरच्या कडेला एक स्टूल ठेवलं.

मर्यादाही तितकीच पक्की ठेवा. निदान आपण करत नाही. "डॉक्टर चुकले" असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचं नाही; शंका आली की औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. त्या डॉक्टरांना मी आता आधी विचारते, आणि ते चिठ्ठी बदलूनही देतात. ऐकीव माहिती तर मुळीच सांगू नका, औषधासोबतचा कागद उघडून ओळीवर बोट ठेवा.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते ओआरएसवर, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरीवर. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, आणि आया ते पेल्याभर पाण्यात कालवतात. मिठाचं प्रमाण वाढून लेकरू आणखी सुकतं. मी काउंटरवर लिटरची रिकामी बाटली ठेवलीय. पाकीट देताना ती हातात देते आणि म्हणते, "इथपर्यंत पाणी, मग सगळं पाकीट एकदम. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं." मग त्यांच्याकडून परत म्हणवून घेते. परवा एका आजीनं म्हणून दाखवलं आणि बाटलीच मागून नेली. दुसरी धुऊन ठेवलीय.