ऊन, कापसाची पूड आणि लाइट: खानदेशात लॅपटॉप वापरताना या चुका टाळा

लॅपटॉप हळू झाला, अचानक बंद पडला की पहिला संशय व्हायरसवर जातो आणि दुकानदारही तेवढ्यावरच फॉरमॅट मारून देतो. मागचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा खरं कारण समोर दिसतं: पंख्याच्या तोंडाशी बसलेला धुळीचा थर, फुगलेली बॅटरी किंवा चार्जिंगच्या भागातला जळालेला घटक. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बहुतेक कंपन्या आपला लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असल्याचं माहितीपत्रकात लिहितात. म्हणजे पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता तुम्ही तो चालू करता, तेव्हाच तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. खरेदी, वापर आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टींचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

उन्हाळ्यात लॅपटॉप ‘हँग’ होतो म्हणून फॉरमॅट मारणं

प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्यानंतरही तापला तर लॅपटॉप कुठलाही इशारा न देता बंद होतो. खोली दहा अंशांनी गरम असली तर आतला प्रोसेसरही जवळपास तेवढ्यानेच जास्त तापतो. म्हणून जानेवारीत नीट चालणारा लॅपटॉप एप्रिलमध्ये रडतो. फॉरमॅटचा इथे काही उपयोग नाही.

आधी तपासा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि लॅपटॉप नुसता चालू ठेवून दहा मिनिटांनी तापमान बघा. काहीही काम न करता आकडा ६५-७० च्या वर राहत असेल, पंखा सतत ओरडत असेल आणि बाजूच्या जाळीतून येणारी हवा मात्र नावालाच असेल, तर आत कोंडलं आहे.

कोंडण्याचं आपल्याकडचं खास कारण कापूस. धरणगाव, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत बारीक तंतू तरंगतात, आणि ज्या घरात कापूस साठवलेला असतो तिथे तर विचारायलाच नको. साधी धूळ पंख्यातून बरीचशी बाहेर पडते. तंतू मात्र पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांच्या मध्ये अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांत नमद्यासारखी चिकट पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला तर ही पट्टी हलत नाही, उलट पात्यांवर आणखी घट्ट दाबली जाते. तिच्यासाठी मागचं झाकण काढावंच लागतं.

घरी काढणार असाल तर क्रम चुकवू नका. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा. बहुतेक मॉडेलांना फुलीचा लहान स्क्रूड्रायव्हर लागतो, काहींना चांदणीच्या आकाराचा. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण पुढचे आणि मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूला टचपॅडपाशी किंवा कीबोर्डखाली टोचतो. कडा उघडायला लोखंडी पट्टी वापरू नका, जुनं प्लास्टिकचं कार्ड पुरतं. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. मग पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश किंवा ब्लोअर चालवा. पातं मोकळं सोडलं तर ते ब्लोअरच्या वाऱ्याने नको तेवढ्या वेगाने फिरतं आणि पंख्याची बेअरिंग जाते. पट्टी चिमट्याने अख्खी ओढून काढा.

लॅपटॉप तीन वर्षांच्या पुढचा असेल तर त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारा लेप) बदलून घ्या. जुनी पेस्ट वाळून तडकलेली असते. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही. हे हाताने जमणार नसेल तर दुकानात न्या, पण ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच न म्हणता ‘पंखा खोलून साफ करा, पेस्ट बदला’ असं नेमकं सांगा आणि शक्य असेल तर समोर करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीला विचारून घ्या.

खोलीचं तापमान बदलणं हातात नसेल तेव्हा दोन उपाय चांगले लागू पडतात. लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचला, गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नका. दुसरा उपाय विंडोजमध्ये आहे. पॉवर ऑप्शन्समधल्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. यामुळे प्रोसेसरची टर्बो धाव, म्हणजे नेहमीच्या वेगापलीकडे पळणं, थांबते. लिहिणं, तक्ते, ऑनलाइन लेक्चर यांत फरक फारसा जाणवत नाही आणि तापमान बऱ्यापैकी खाली येतं. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा.

कूलरबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही आणि खोली थंड राहिली तर लॅपटॉपलाही बरंच. पण कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका. झोतासोबत बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार पंख्याने आत ओढले जाऊन आतल्या मुख्य बोर्डवर (मदरबोर्डवर) पांढरे डाग पडतात. पाच-सहा फूट बाजूला बसा.

शंभर टक्के चार्ज, तोही भर उन्हाळ्यात

लिथियम बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते ती उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की. दिवसभर चार्जर लावून ४० अंशांच्या खोलीत काम म्हणजे नेमकं तेच. चार्जर काढत-लावत बसायची गरज नाही. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’, आसुसच्या मायआसुस ॲपमध्ये चार्जची मर्यादा, एचपी आणि डेलमध्ये बायोसमधली (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) बॅटरी सेटिंग, यांपैकी जे असेल ते चालू करून चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवा. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी ही मर्यादा काढून टाका. सुटीत लॅपटॉप महिनाभर बंद राहणार असेल तर निम्मा चार्ज ठेवून थंड जागी ठेवा.

उभ्या असलेल्या गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत लॅपटॉप सोडून जाऊ नका. त्याहून कमी माहीत असलेली चूक म्हणजे झाकण मिटून चालू लॅपटॉप बॅगेत टाकणं. नवे लॅपटॉप झाकण मिटलं तरी पूर्ण झोपत नाहीत. अपडेटसाठी मधेच जागे होतात आणि बॅगेत हवा नसल्याने भाजून निघतात. चोपड्याहून जळगावला एसटीने जाऊन बॅग उघडली तर लॅपटॉप चटके देतो आणि बॅटरी निम्मी उतरलेली असते, ती यामुळेच. बॅगेत टाकण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट करा.

टचपॅड वर उचललेलं वाटलं, क्लिक घट्ट झालं, झाकण नीट बसेना किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जर काढा आणि वापर थांबवा. टोचून हवा काढण्याचा प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नका, तिथून आग लागते. बदललेली बॅटरी घंटागाडीत न टाकता दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

लाइटीच्या भीतीने स्टॅबिलायझर घेणं, आणि अर्थिंग विसरणं

शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज १६०-१७० वर येतं, म्हणून लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेणारे बरेच आहेत. चार्जरवरचं लिखाण वाचा: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. कमी व्होल्टेजने त्याचं काही बिघडत नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा.

भीती हवी ती जास्त व्होल्टेजची. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटलं की घरात २३० ऐवजी ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. चार्जरच्या आतला मुख्य कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. घरचे २३० व्होल्ट आत गेल्यावर सव्वातीनशे होतात, तेवढे तो झेलतो. ४०० व्होल्ट आले तर आत साडेपाचशेच्या वर जातात आणि कपॅसिटर फुटतो. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड क्षणभराचा झटका झेलतो, असं चढून बसलेलं व्होल्टेज नाही. त्यासाठी मेन स्विचजवळ बसवायचं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते घराची लाइट तोडतं. वायरमनकडून बसवून घ्या. फ्रिज आणि टीव्हीही वाचतात. दिवे अचानक भगभगीत पेटले तर विचार न करता मेन स्विच पाडा.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. ब्रॉडबँडची लॅन केबल लावलेली असेल तर तीही काढा.

आता अर्थिंग. तीन पिनांच्या चार्जरचा लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात, किंवा टचपॅडवरचा कर्सर उड्या मारतो आणि चार्जर काढला की शहाणा होतो. यात टचपॅडचा दोष नाही. एकतर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातलेला असतो, किंवा घराचं अर्थिंग मेलेलं असतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो आणि वर्षानुवर्षं त्यात कोणी पाणी घालत नाही. वायरमनला मीटर लावून दोन आकडे विचारा: फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलच्या जवळपास हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आकडे फार वेगळे आले तर खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घ्या आणि उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

डुप्लिकेट चार्जर घ्यावाच लागला तर व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. डेलच्या जुन्या गोल पिनमध्ये चार्जर ओळखणारी मधली बारीक पिन असते. ती तुटली किंवा चार्जर नकली असला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही पडतो. लोक अशा वेळी बॅटरी बदलतात. आधी दुसऱ्याचा चांगला चार्जर लावून बघा.

‘आय-५ आहे’ एवढं ऐकून जुना लॅपटॉप घेणं

सेकंडहँड बाजारात आय-५ हा इंटेलच्या प्रोसेसरचा शब्द खूप विकला जातो. त्यापुढचा आकडा बघा: ६२०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक पिढी सांगतात, ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीवर जबरदस्तीने विंडोज ११ टाकून विकतात, ते घेऊ नका. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा अंक महत्त्वाचा: ७५२० मधला २ म्हणजे जुनी रचना, ७५३० मधला ३ त्यानंतरची. डब्याचं वर्ष नवं आणि आतला माल जुना, असं तिथे होतं.

जुना घेताना बायोसमध्ये शिरून पासवर्ड नाही ना ते पाहा. पासवर्ड असेल तर घेऊ नका. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा.

नवा घेत असाल तर १६ जीबी रॅम घ्या. ८ जीबीचा घ्यायचाच असेल तर रॅमची मोकळी जागा आहे का हे विचारा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डकवलेली असते. साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) हवी. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे असं दुकानदार म्हणाला तर आपला पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. तळोदा किंवा साक्रीला माणूस घरी येतो की लॅपटॉप उचलून जळगाव-नाशिकला न्यावा लागतो, याने पुढची तीन वर्षं ठरतात. या एका कारणासाठी दुसऱ्या कंपनीचा थोडा महाग लॅपटॉप घेणंही योग्य आहे.

दुकानदाराच्या ईमेलवर लॅपटॉप चालू करून घेणं

ही चूक घेतल्या दिवशी कळत नाही. दुकानदार घाईत स्वतःचाच किंवा तात्पुरता ईमेल टाकून विंडोज सुरू करून देतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या ईमेलच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. पुढे बायोस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की निळा पडदा ती किल्ली मागतो. खातं दुसऱ्याचं असेल तर प्रबंध, पावत्या, फोटो सगळं आत अडकतं आणि कुठलाही तंत्रज्ञ ते बाहेर काढू शकत नाही. पहिल्या दिवशी स्वतःच्या ईमेलने खातं उघडा, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा, किल्ली कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा. आणि किल्ली असली तरी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच. एसएसडी मरताना बहुधा आधी सांगत नाही.

लॅपटॉप अजिबात चालू होत नसेल तर दुकानात पळण्याआधी हे करा: चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. दिवा लागतो, पंखा फिरतो पण पडदा काळा असेल तर मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. अंधुक चित्र दिसलं तर बिघाड बहुधा पडद्याच्या प्रकाशाचा आहे, पूर्ण बोर्डाचा नाही. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर दोष बहुधा पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा. हे तपासून गेलात तर ‘मदरबोर्ड गेला’ हे ऐकून घ्यावं लागत नाही.

चहा सांडला तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, चार्जर काढा, उलटा तंबूसारखा उभा करा आणि त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या. तांदळात ठेवणं, हेअर ड्रायर लावणं यांनी दूध-साखरेचा थर बोर्डावर तसाच राहतो आणि गंज आठ-पंधरा दिवसांनी डोकं वर काढतो. तोपर्यंत चालतोय म्हणून परत वापरायला घेतलेला लॅपटॉप मग खरोखर मदरबोर्ड घेऊन जातो.