ओळखीतून वाइनची गोडी लागली? मग या चुका टाळा

वाइनची गोडी लावणारा माणूस बहुधा ध्यानीमनी नसताना भेटतो: सहप्रवासी, नवा शेजारी, नाहीतर मैत्रिणीचा काका. तो पेला नाकाशी नेतो, ‘चेरी, काळी मिरी, थोडं चामडं’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

जाणकाराचे शब्द उसने घेणं. नाक फार लवकर फसतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 54 जणांना बिनवासाचा लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली होती. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. नुसत्या रंगाने एवढं होतं, तर ज्याच्याबद्दल आदर आहे त्याच्या बोलण्याने काय होईल? म्हणून वाइन ओतल्यावर दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. दोघांनी तीन-तीन शब्द कागदावर लिहायचे, मग ताडून पाहायचे. तुम्ही ‘कंपासपेटी’ लिहिलंत आणि त्याने ‘सीडरचं लाकूड’, तर तुमचं चुकलेलं नाही. पेन्सिली त्याच लाकडाच्या करत आले आहेत.

पेला काठोकाठ भरणं. चवीपुरती 40-50 मिली पुरे. वास साठायला वर मोकळी जागा लागते. आधी न हलवता हुंगा, मग पेला टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. घोट लहान घ्या, पाच-सात सेकंद तोंडात घोळवा. गालांच्या आत पाणी सुटलं तर तो आंबटपणा, हिरड्या कोरड्या पडून आक्रसल्या तर टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य), घशाशी ऊब जाणवली तर अल्कोहोल. पेल्याच्या काचेवरून ओघळणारे थेंब पाहून दर्जा ठरवू नका; ते मुख्यतः अल्कोहोलमुळे दिसतात.

टॅनिन ओळखता येत नसेल तर बाटली उघडायचीही गरज नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा तीन कपांत 2, 5 आणि 10 मिनिटं मुरू द्या आणि क्रमाने चाखा. शेवटच्या कपात जीभ खरखरीत होते, तेच टॅनिन. आता त्यात चमचाभर दूध घाला. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरतात आणि तुरटपणा मवाळ होतो. नुसती प्यायल्यावर तोंड आवळणारी रेड चीजबरोबर सुसह्य का होते, ते इथेच कळतं. तिखट पदार्थांबरोबर मात्र तीच वाइन आणखी बोचरी लागते.

तापमानाकडे दुर्लक्ष. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड घरांच्या काळातला. रेडला साधारण 15-18 अंश सेल्सिअस मानवतं. गरम खोलीतली बाटली उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नाकात आधी अल्कोहोलच चढतं. व्हाइटचं उलट: फ्रिजमधून काढल्या काढल्या तिचा वास मिटलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून 8-12 अंशांवर प्या.

बिघडलेली बाटली भिडेखातर पिणं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येत असेल तर दोष टीसीए नावाच्या संयुगाचा. ते बहुधा बुचातून येतं आणि वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी जात नाही. व्हाइट तपकिरी दिसते आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागते, तेव्हा तिला हवा लागलेली असते (काही शैलींत हे मुद्दाम करतात, एवढं विचारून घ्या). विझलेल्या काडीचा वास मात्र पेला फिरवत दहा मिनिटं थांबल्यास बहुतेकदा उडतो. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

फळांच्या वासाला गोडवा समजणं. नाक दाबून घोट घ्या. तरीही जिभेला गोड लागली तरच त्यात साखर आहे.

एका बैठकीत तीन-चार वाइन पुष्कळ झाल्या: हलकी आधी, भारी नंतर, गोड सगळ्यांत शेवटी. चाखून थुंकण्यात लाजण्यासारखं काही नाही, जाणकार तेच करतात. उरलेली बाटली, रेड असली तरी, बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन दिवस रोज घोटभर चाखून वास कसा उतरत जातो ते टिपून ठेवा. पुढच्या वेळी हवा लागलेली बाटली तुम्हीच आधी ओळखाल.